नोकरीच्या ठिकाणी चोरीचा आळ: पहिल्यांदाच अडकलेल्या तरुणाचा बचाव, टप्प्याटप्प्याने

‘नोकराने चोरी केली’ या प्रकरणांत बरेचसे नुकसान गुन्हा दाखल होण्याआधीच होऊन बसते. मॅनेजरच्या केबिनमध्ये मुलाकडून एक कागद लिहून घेतला जातो. घरचे दागिने गहाण टाकून पैसे आणून देतात. ‘आता मिटलं’ म्हणून सगळे घरी जातात आणि चार दिवसांनी पोलीस ठाण्यातून फोन येतो. वकिलाकडे फाइल पोचते तेव्हा त्यात मुलाच्या हस्ताक्षरातली कबुली असते. पैसे दिल्याची पावती मात्र नसते.

हा लेख महाराष्ट्रातल्या प्रक्रियेबद्दल आहे. सोयीसाठी एकच उदाहरण धरू: वीस वर्षांचा मुलगा, सुपरमार्केटच्या कॅश काउंटरवर कामाला, पोलिसांत आधीची एकही नोंद नाही, आणि हिशेबात ३८,००० रुपये कमी भरतात. त्याने पैसे घेतले की नाही, हा प्रश्न बाजूला ठेवू. घेतले असले तरी आणि नसले तरी पावले याच क्रमाने टाकायची.

एक गोष्ट आधीच ठरवून टाका. या वयात वाचवायची असते ती ‘दोषी’ ही नोंद. जामीन तुलनेने लवकर मिळतो आणि तो मिळाला की घरचे सैल पडतात. पण नोकरी, पासपोर्ट, पोलीस व्हेरिफिकेशन यांत पुढची पंधरा-वीस वर्षे आडवी येते ती दोषसिद्धी.

## टप्पा १: पहिला दिवस. सही नाही, रोख नाही, कोरा चेक नाही

केबिनमध्ये बसवून सांगितलेल्या माफीनाम्याचा मजकूर बहुधा असा असतो: ‘मी काउंटरवरून वेळोवेळी रक्कम घेतली आहे. ती मी परत करीन. माझ्यावर कोणताही दबाव नाही.’ नीट वाचा. किती रक्कम, कोणत्या तारखांना, कशी घेतली, यातले काहीच त्यात नाही. शेवटचे वाक्य मात्र हमखास असते, कारण हा कागद पुढे कुठे वापरायचा हे लिहून घेणाऱ्याला पक्के ठाऊक असते.

पोलिसांपुढे दिलेली कबुली भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम २३ मुळे आरोपीविरुद्ध चालत नाही. मालकापुढे लिहून दिलेली कबुली त्या कलमात येत नाही. ती कमकुवत पुरावा मानली जात असली तरी पुरावा असतेच. धमकी देऊन किंवा ‘लिहून दे, पोलिसांत जाणार नाही’ असे आमिष दाखवून घेतली असेल तर कलम २२ खाली तिच्यावर हल्ला करता येतो. पण तो दबाव दाखवण्याची खटपट आपल्याला करावी लागते. म्हणून सरळ सांगायचे: ‘आरोप मला मान्य नाही. तुम्ही लेखी द्या, मी लेखी उत्तर देतो.’ एवढे बोलून गप्प बसायचे.

खोलीतून बाहेर जाऊ देत नसतील, फोन काढून घेतला असेल, तर घरच्यांनी ११२ वर फोन करावा. अडवून ठेवणे हा स्वतंत्र गुन्हा आहे आणि त्या फोनची वेळ नोंदली जाते.

कागद आधीच लिहून दिला असेल तर काय? त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी कंपनीला ईमेल आणि रजिस्टर पोस्टाने कळवा: कोणत्या वेळी, कोणासमोर, काय सांगून लिहून घेतले, आणि तो मजकूर मान्य नाही. अर्थात हे खरे असेल तरच. महिन्याभराने वकिलाने सुचवल्यावर पाठवलेल्या अशा पत्राला कोर्टात फारशी किंमत राहत नाही.

सावध: कोरा सही केलेला चेक किंवा स्टॅम्प पेपर कधीही देऊ नका. तो चेक परत गेला की चोरीच्या प्रकरणावर चेक बाउन्सचे दुसरे प्रकरण चढते.

सावध: घाबरून व्हॉट्सॲप चॅट, कॉल लॉग किंवा फोटो पुसू नका. पुरावा नष्ट केल्याचे कलम लागू शकते. शिवाय बचावाला उपयोगी पडणारे मेसेजही त्याच फोनमध्ये असतात.

## टप्पा २: कागद गोळा करा, तेही आठवड्याच्या आत

वकिलाकडे रिकाम्या हाताने जाऊ नका. अनेक ठिकाणी सीसीटीव्हीचे फुटेज काही दिवसांत किंवा आठवड्यांत आपोआप पुसले जाते, म्हणून सर्वांत आधी त्याचे पत्र. कंपनीला लेखी कळवा की अमुक तारखांचे, अमुक काउंटरचे आणि कॅश मोजण्याच्या खोलीचे फुटेज जपून ठेवावे. गुन्हा दाखल झाला असेल तर तसाच अर्ज तपास अधिकाऱ्यालाही द्या आणि पोच घ्या. पुढे नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेचा नवा कायदा) कलम ९४ खाली कोर्टाकडून ते मागवताना हे पत्र कामी येते. आपण मागितलेले फुटेज कंपनीने पुसले, तर तेही कोर्टापुढे मांडता येते.

त्यानंतर मुलाला एकट्याला बसवून त्याच्याकडून वकिलासाठी घटनाक्रम लिहून घ्या. मथळ्यावर ‘माझ्या वकिलांसाठी’ असे लिहा आणि तो कोणालाही फॉरवर्ड करू नका. आमच्या उदाहरणात त्यात हे यायला हवे: काउंटरचा लॉगिन आयडी किती जण वापरत होते, पासवर्ड कोणाला माहीत होता, जेवणाच्या सुट्टीत काउंटरवर कोण बसे, बिल रद्द करायला कोणाची परवानगी लागे, शिफ्ट संपल्यावर कॅश कोण मोजे, त्या कागदावर कोणाच्या सह्या होत, ड्रॉवरची दुसरी किल्ली कुठे असे. कॅश कमी येणे आणि कॅश चोरणे यांच्यामधली सगळी जागा या उत्तरांनी भरलेली असते.

सोबत हेही ठेवा: नेमणूकपत्र, पगाराच्या पावत्या, बँक स्टेटमेंट, हजेरी, कंपनीने पाठवलेले सगळे मेसेज, आधार, दहावीचे प्रमाणपत्र आणि शाळा सोडल्याचा दाखला.

आधी वय पाहा. घटनेच्या दिवशी अठरा पूर्ण नसतील तर प्रकरण बाल न्याय मंडळाकडे जाते आणि पुढचे बरेच टप्पे लागूच होत नाहीत. मालकाने नोकरीच्या फॉर्मवर वय वाढवून लिहून घेतलेले असले तरी शाळेचा किंवा दहावीच्या बोर्डाचा दाखला आधी पाहिला जातो. एकवीसच्या आतल्यांसाठी वेगळा फायदा आहे, तो टप्पा ७ मध्ये.

## टप्पा ३: कलम कोणते लागले ते वाचा

१ जुलै २०२४ पासूनच्या घटनांना भारतीय न्याय संहिता लागते, त्याआधीच्या घटनांना जुनी दंड संहिता. एफआयआरची प्रत महाराष्ट्र पोलिसांच्या सिटिझन पोर्टलवर बहुतेक वेळा मिळते. तीत पुढीलपैकी काय आहे ते पाहा.

कलम ३०६ म्हणजे नोकराने मालकाच्या ताब्यातली वस्तू चोरणे, जुने ३८१. कलम ३१६(४) म्हणजे नोकराने केलेला विश्वासघात, जुने ४०८. दोन्हींना सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे, दोन्ही दखलपात्र आणि अजामीनपात्र. फरक असा की ३१६(४) साठी माल किंवा पैसा त्या नोकराकडे ‘सोपवला’ होता हे फिर्यादीला दाखवावे लागते. गोदामात माल उचलणाऱ्या हमालावर ३१६(४) लावले असेल तर बचावाचा पहिला मुद्दा तिथेच सापडतो. कॅशियरच्या बाबतीत उलट. ड्रॉवर त्याच्या एकट्याच्या ताब्यात होता का, यावर लढाई होते.

लोक एक गोष्ट हमखास चुकीची सांगतात: ‘पाच हजारांच्या आत असेल तर समाजसेवेवर सुटतो.’ ती सवलत साध्या चोरीची, म्हणजे कलम ३०३(२) ची आहे, आणि तीही पहिल्यांदाच दोषी ठरलेल्याने माल किंवा किंमत परत केली तर. कलम ३०६ मध्ये ती लिहिलेली नाही. नोकरावर ३०६ लागले की रक्कम दोन हजार असली तरी ती आपोआप मिळत नाही.

तपासा: यादीत ३४४ (खोटे हिशेब) किंवा बनावट दस्तऐवजाचे कलम आहे का? बिले रद्द केल्याचा आरोप असेल तिथे ते जोडले जाते. ते असेल तर टप्पा ६ मधली तडजोड खालच्या कोर्टात पूर्ण होत नाही.

## टप्पा ४: नोटीस, अटक, जामीन

सात वर्षांपर्यंतच्या गुन्ह्यात पोलिसांनी उठून अटक करायची नसते. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ च्या अर्नेश कुमार निकालात हे बजावले आहे. अटक का गरजेची आहे ते लिहून ठेवावे लागते. नाहीतर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३) खाली हजर राहण्याची नोटीस द्यावी लागते. ही नोटीस व्हॉट्सॲपवर बजावणे वैध नाही, असे याच न्यायालयाने २०२५ मध्ये सांगितले आहे. तरीही व्हॉट्सॲपवर आली म्हणून दुर्लक्ष करू नका. वकिलामार्फत लेखी कळवा की आम्ही हजर राहतो, नोटीस रीतसर द्यावी.

हजर राहताना क्रम असा ठेवा:

१. वकिलाशी आधी बोला आणि शक्यतो त्याच्यासोबतच जा. चौकशीदरम्यान वकिलाला भेटण्याचा हक्क कलम ३८ मध्ये आहे. पूर्ण वेळ शेजारी बसवण्याचा मात्र नाही.

२. नाव, पत्ता, नोकरीचा कालावधी हे सांगा. स्वतःला अडकवणाऱ्या प्रश्नांना ‘याचे उत्तर वकिलांशी बोलून देतो’ म्हणा. तो हक्क राज्यघटनेच्या अनुच्छेद २०(३) चा आहे.

३. जबाबावर सही मागितली तर नम्रपणे नकार द्या. पोलिसांनी तपासात घेतलेल्या जबाबावर सही घ्यायची नसते, हे कलम १८१ मध्येच आहे.

४. दिलेल्या प्रत्येक कागदाची पोच घ्या.

अटकेची खरी भीती असेल तर सत्र न्यायालयात कलम ४८२ खाली अटकपूर्व जामिनाचा अर्ज करा आणि सुनावणीपर्यंत अंतरिम संरक्षण मागा. सरकारी वकिलांनी ‘सध्या अटक करायची नाही’ असे सांगितले आणि अर्ज निकाली निघत असेल, तर ‘अटक करायची झाल्यास ७२ तास आधी लेखी नोटीस द्यावी’ एवढे वाक्य आदेशात घालून घ्या. छोटे वाक्य आहे, पण शुक्रवारी संध्याकाळी उचलून नेण्याच्या प्रकाराला त्याने आळा बसतो.

अटक झालीच तर २४ तासांच्या आत मॅजिस्ट्रेटसमोर उभे करावे लागते. अटकेची कारणे आरोपीला समजणाऱ्या भाषेत लेखी द्यावी लागतात, आणि ती रिमांडच्या (कोठडी ठरवण्यासाठी मॅजिस्ट्रेटसमोर हजर करण्याच्या) किमान दोन तास आधी तरी हातात पडली पाहिजेत. महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये हे स्पष्ट केले. रिमांडच्या वेळी पोलीस कोठडीला विरोध करताना गोलमोल बोलून उपयोग नाही. बिले, फुटेज, हिशेब सगळे कंपनीच्या ताब्यात आहे, मुलाकडून काय हस्तगत करायचे उरले आहे, हे विचारा.

जामीनदार आधीच तयार ठेवा. त्याचे आधार, रेशनकार्ड, घरपट्टीची पावती किंवा सातबारा, पगारपत्रक. हे नसल्यामुळे जामीन मंजूर होऊनही मुले चार-पाच दिवस आत राहतात. तोवर रोख जामिनावर सोडण्याची विनंती त्याच अर्जात करा.

सावध, हा सगळ्यांत महागात पडणारा भाग आहे: ‘रिकव्हरी दाखवायची आहे, पैसे आणून द्या, मुलाला सोडतो’ असे कोणी म्हटले तर घरून रोख नेऊन देऊ नका. ती रक्कम ‘आरोपीने काढून दिली’ असा पंचनामा होतो आणि आईचे मंगळसूत्र मोडून आणलेले पैसे मुलाविरुद्धचा मुद्देमाल होऊन बसतात. जामिनासाठी ‘एवढी रक्कम भरतो’ अशी हमी देऊ पाहणाऱ्यांनीही थांबावे. कर्मचाऱ्याने अपहार केल्याच्या, महाराष्ट्रातून गेलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये सांगितले की अशा हमीवर जामीन देऊ नये, गुणदोषांवर निर्णय करावा.

## टप्पा ५: वकील आणि नोकरीची चौकशी

फौजदारी कोर्टात रोज उभा राहणारा वकील घ्या. खर्च झेपत नसेल तर जिल्हा न्यायालयाच्या आवारातच जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय असते, तालुक्याला समिती असते, फोन १५१००. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती आणि कोठडीत असलेले यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. फुकटचा वकील कसा असेल, ही शंका बाजूला ठेवा. तिथले बचाव पक्षाचे वकील हीच कामे दिवसभर करतात.

कंपनीची खातेनिहाय चौकशी आणि फौजदारी खटला एकाच वेळी चालू शकतात. चौकशीत पुराव्याची पातळी खालची असते, पण तिथे बोललेले इकडे येते. म्हणून कारणे दाखवा नोटिशीचे उत्तर फौजदारी वकिलाला दाखवल्याशिवाय पाठवू नका. उत्तर तीन ओळींचे पुरते: आरोप अमान्य, ज्या कागदांवर भिस्त आहे त्यांच्या प्रती द्या, त्या मिळाल्यावर सविस्तर उत्तर देऊ. दबावाखाली राजीनामा देऊ नका. ‘राजीनामा दे, विषय संपवू’ यात कोणाचा विषय संपतो, हे दुसऱ्या दिवशी कळते.

## टप्पा ६: तडजोड, पण योग्य क्रमाने

लपवण्यात अर्थ नाही. यातली बरीच प्रकरणे मिटतात, आणि तरुण आरोपीसाठी तो अनेकदा सर्वांत चांगला शेवट असतो. कलम ३०६ आणि ३१६(४) हे दोन्ही गुन्हे कोर्टाच्या परवानगीने मिटवता येतात (नागरिक सुरक्षा संहिता, कलम ३५९) आणि त्याचा परिणाम निर्दोष सुटण्यासारखाच असतो. चूक होते ती क्रमात. लोक आधी पैसे देतात आणि नंतर कागद मागतात.

१. मसुदा वकिलाने करायचा. त्यात ‘आरोप मान्य न करता, वाद मिटवण्यासाठी’ हे शब्द हवेतच.

२. समोर कोण सही करतो ते पाहा. गुन्हा मिटवण्याचा अधिकार मालमत्तेच्या मालकाला आहे. कंपनी असेल तर स्टोअर मॅनेजरची सही पुरत नाही. त्याला अधिकार देणारा संचालक मंडळाचा ठराव किंवा अधिकारपत्र जोडून घ्या. फिर्याद मॅनेजरची आणि माल कंपनीचा, हा घोळ ऐन तारखेला उघडा पडतो.

३. रक्कम डिमांड ड्राफ्टने, आणि कोर्टात अर्ज दाखल होतानाच. हप्ते असतील तर शेवटचा हप्ता कोर्टात.

४. आधी लिहून घेतलेला माफीनामा, चेक, स्टॅम्प पेपर परत मिळाल्याची नोंद त्याच करारात.

५. कोर्टाचा आदेश झाल्याशिवाय प्रकरण मिटले असे समजू नका. ‘कंपनी पुढे काही करणार नाही’ या पत्राने खटला थांबत नाही.

राष्ट्रीय लोक अदालतीच्या दिवशी अशी प्रकरणे घेतली जातात, त्या तारखेवर लक्ष ठेवा. ३४४ सारखे न मिटणारे कलम असेल किंवा दोषारोपपत्र यायच्या आधीच गुन्हा रद्द करून हवा असेल, तर दोन्ही पक्षांच्या संमतीने उच्च न्यायालयात कलम ५२८ खाली जावे लागते. ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात सर्किट बेंच सुरू झाल्याने त्या भागातल्यांची मुंबईची खेप वाचते.

मुलाने काहीच केलेले नसेल आणि पुरावा पोकळ असेल, तर केवळ घाईपोटी ३८,००० देऊन मोकळे होऊ नका, असे माझे मत आहे. अशा वेळी टप्पा ७ मधला दोषमुक्तीचा मार्ग घ्या.

## टप्पा ७: दोषारोपपत्र आल्यावर

मुलगा कोठडीत असेल आणि ६० दिवसांत दोषारोपपत्र आले नाही तर जामीन हा हक्क बनतो. पण दोषारोपपत्र येण्याआधी त्यासाठी अर्ज करावा लागतो. आत असो वा बाहेर, दोषारोपपत्राच्या प्रती मिळाल्यापासून ६० दिवसांच्या आत दोषमुक्तीचा, म्हणजे आरोप ठेवण्याआधीच सोडून देण्याचा, अर्ज (नागरिक सुरक्षा संहिता, कलम २६२) करता येतो. ही मुदत विसरली जाते. कॅलेंडरवर लिहून ठेवा.

दोषारोपपत्रात हे पाहा: सीसीटीव्हीसोबत साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चे दोन भागांचे प्रमाणपत्र आणि हॅश व्हॅल्यू (फाइलमध्ये फेरफार झाला का ते ओळखायचा सांकेतिक आकडा) आहे का? स्टॉकची किंवा कॅशची मोजणी कोणी, कोणत्या दिवशी केली, मुलगा तेव्हा हजर होता का? त्याआधीच्या महिन्यांत कॅश कमी आली होती का? लॉगिनची नोंद कोणाच्या मशीनवरून? फिर्यादीला उशीर का झाला? ३८,००० हा आकडा कोणत्या कागदातून आला? बऱ्याच वेळा तो एका एक्सेल शीटमधून आलेला असतो आणि ती शीट कोणी केली याचा साक्षीदारच नसतो.

मग आरोप ठेवण्याचा दिवस येतो. ‘गुन्हा कबूल आहे का?’ असे कोर्ट विचारते. आवारातला कोणी तरी कानात सांगतो, ‘कबूल म्हण, दंड भरून मोकळा.’ कबूल म्हटले की दोषसिद्धी झाली. वकिलाशी ठरवल्याशिवाय उत्तर एकच: ‘कबूल नाही.’

प्ली बार्गेनिंगचा, म्हणजे गुन्हा कबूल करून कमी शिक्षा मागण्याचा, अर्ज आरोप ठेवल्यापासून ३० दिवसांत करता येतो. पहिल्यांदाच सापडलेल्याला कमाल शिक्षेच्या एक-षष्ठांश शिक्षा देता येते. सात वर्षांचा एक-षष्ठांश म्हणजे चौदा महिने होतात. कोर्ट प्रोबेशनवरही (परिवीक्षा, म्हणजे तुरुंगाऐवजी चांगल्या वर्तणुकीच्या अटीवर) सोडू शकते, पण दोषी ठरण्याची नोंद होतेच. तडजोड आणि प्ली बार्गेनिंग एकच समजणारे बरेच भेटतात. पुरावा भक्कम आणि मालक मिटवायला तयार नाही, अशाच वेळी हा मार्ग.

खटला चालून दोषी ठरलाच तर १९५८ चा परिवीक्षा कायदा मागा. कलम ३ खाली ताकीद देऊन सोडता येते आणि त्यात जुन्या ३८१ चे नाव घेऊन उल्लेख आहे. कलम ४ खाली चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर. कलम ६ प्रमाणे एकवीसच्या आतल्याला तुरुंगात पाठवायचे तर कोर्टाला कारणे लिहावी लागतात आणि आधी परिवीक्षा अधिकाऱ्याचा अहवाल पाहावा लागतो. इथे वय धरतात ते दोषी ठरवण्याच्या दिवशीचे. खटला रेंगाळला आणि मुलगा बावीसचा झाला की कलम ६ हातचे जाते, म्हणून बचाव पक्षाने स्वतःहून तारखा वाढवून घेताना हे गणित करावे. परिवीक्षा अधिकारी घरी येतो, शेजारी विचारतो. कॉलेजचा दाखला, नव्या कामाचे पत्र, उपचारांचे कागद असतील तर त्याला दाखवा. या मार्गाने सोडल्यास कलम १२ मुळे दोषसिद्धीने येणारी अपात्रता लागत नाही. दोषसिद्धी पुसली मात्र जात नाही.

## टप्पा ८: प्रकरण संपल्यावर

आदेशाची प्रमाणित प्रत दोन नगांत काढा आणि एक पोलीस ठाण्यात देऊन पोच घ्या. तिथल्या नोंदी आपोआप अद्ययावत होतात असे समजू नका. खटला चालू असताना पासपोर्ट काढायचा असेल तर कोर्टाची परवानगी लागते.

सरकारी नोकरीच्या साक्षांकन नमुन्यात (पूर्वचारित्र्य पडताळणीच्या फॉर्ममध्ये) ‘कधी गुन्हा दाखल झाला होता का’ असा प्रश्न असेल तर खरे लिहा, सुटलेले असलात तरी. अवतार सिंग निकालात (२०१६) सर्वोच्च न्यायालयाने माहिती दडवण्याचे परिणाम सविस्तर सांगितले आहेत. किरकोळ प्रकरण उघड सांगितले तर नियोक्ता त्याकडे काणाडोळा करू शकतो, पण दडवलेले सापडले तर निवड रद्द होऊ शकते. फॉर्ममधला प्रश्न फक्त ‘दोषी ठरला आहात का’ एवढाच असेल तर उत्तरही तेवढेच द्या.